‘मले आता जाऊ द्या’ : इच्छामरण, कायदा आणि वारकऱ्याचा धर्म



वाचकहो, वऱ्हाडातल्या घरात म्हातारे माणूस बरेच दिवस अंथरुणाला खिळले की केव्हा तरी एक वाक्य कानी पडते. “मले आता जाऊ द्या. माह्यापायी वावर इकू नका.” हे आपण ऐकले असेल, आणि आयुष्य लांबले तर तुमच्या-आमच्या तोंडूनही एखादे दिवशी निघेल. ऐकणाऱ्या लेकासुनेच्या मनात मग जो प्रश्न उठतो तो चारचौघांत विचारता येत नाही. कीर्तन संपल्यावर बुवांना बाजूला घेऊन हळूच विचारला जातो, “महाराज, नळ्या काढल्या तर पाप लागते काय?”

या प्रश्नाला दोन उत्तरे तयारच असतात. एक म्हणतो, आयुष्याची दोरी देवाच्या हाती आहे, शेवटच्या श्वासापर्यंत उपचार सोडायचे नाहीत. दुसरा म्हणतो, आत्मा अमर आहे, देह जुने वस्त्र, मग त्याचे हाल कशाला? दोन्ही उत्तरे धर्माच्या भाषेत आहेत आणि दोन्ही अर्धी आहेत.

नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात देहाविषयी जो विचार मांडला त्याचा भाव असा. देह निंद्य मानून टाकून द्यावा तर मोक्षाचे साधनच हातचे जाते. वंद्य मानून त्याचेच लाड करावेत तर तो अधोगतीला नेतो. म्हणून तो टाकायचा नाही, कवटाळायचाही नाही. भगवंताच्या कार्यी लावायचा. आजच्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहिले की या विचाराचे मोल कळते. वेळेआधी मरण ओढवून घेणे हे टाकणे झाले. आणि बरे होण्याची आशा संपली असताना केवळ यंत्राच्या बळावर श्वास चालू ठेवणे हे कवटाळणे होऊ शकते. या दोहोंमधली वाट शोधायची, तर आधी शब्द नीट पारखून घेतले पाहिजेत.

‘इच्छामरण’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो. पहिली, डॉक्टरने किंवा दुसऱ्या कोणी औषध देऊन रुग्णाचे प्राण घेणे. दुसरी, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा कृत्रिम उपचार थांबवून नैसर्गिक मरणाला वाट मोकळी करून देणे. तिसरी, निराशेने माणसाने स्वतःचा जीव देणे. भारतात पहिली गोष्ट आजही गुन्हा आहे, मग ती दयेपोटी केलेली असो की रुग्णाच्या विनंतीवरून. तिसरी तर इच्छेचे मरणच नव्हे. ते इच्छा खचल्याचे मरण आहे. कायद्याने परवानगी आहे ती फक्त दुसऱ्या गोष्टीला, आणि तीही भोवती पक्के कुंपण घालून. हे कुंपण कसे घातले गेले ते समजून घेण्यासारखे आहे.

अरुणा शानबाग हे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातल्या एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर अमानुष अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या तिथेच अंथरुणावर होत्या. २००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात विनंती केली की त्यांना अन्न देणे थांबवावे आणि शांतपणे जाऊ द्यावे. न्यायालयाने तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवले, आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. विनंती फेटाळली गेली.

या निकालातली एक गोष्ट आपण वारकऱ्यांनी मनात जपून ठेवावी. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. न्यायालयाने तो अधिकार केईएमच्या डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा मानला. का? कारण त्यांनी सेवा केली होती. पिढी बदलली, जुन्या परिचारिका निवृत्त झाल्या, नव्या आल्या. पण न्हाऊ घालणे, भरवणे, कूस बदलणे थांबले नाही. इतक्या वर्षांत त्यांना अंथरुणाची जखमसुद्धा होऊ दिली नाही, याची नोंद निकालात आहे. त्या सगळ्यांनी सांगितले की आम्हाला त्या हव्या आहेत, आणि न्यायालयाने ते ऐकले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या.

त्याच निकालाने तत्त्व म्हणून उपचार थांबवायला मुभा दिली, पण उच्च न्यायालयाची परवानगी सक्तीची केली. कारण न्यायमूर्तींनी स्पष्टच लिहिले. मालमत्तेवर डोळा ठेवणारे नातेवाईक आणि त्यांना सामील होणारे डॉक्टर यांची भीती त्यांना वाटत होती. वावराच्या सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या खाटेभोवती काय काय चालते, हे वऱ्हाडातल्या माणसाला निराळे सांगायला नको.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि माणसाला आपले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे ‘लिव्हिंग विल’, आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. पण तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आज कुंपण आहे ते असे.

पहिले कुंपण इच्छापत्राचे. सज्ञान माणसाने, शुद्धीत असताना, कोणाच्या दबावाखाली न येता ते लिहायचे. दोन साक्षीदार हवेत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही व्हायला हवी. आपली शुद्ध हरपल्यावर आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्या नातेवाइकांची किंवा पालकांची नावे लिहायची. एकाहून अधिक नावे देता येतात. एकाच मुलाच्या हाती सगळे जाऊ नये, हा त्यातला फायदा उघड आहे. मन बदलले तर ते केव्हाही लेखी मागे घेता येते. त्याची प्रत घरच्यांना आणि नेहमीच्या डॉक्टरला द्यायची, आणि एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. असे अधिकारी खरोखर नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावे लागले, यावरून निकाल आणि अंमलबजावणी यांतले अंतर कळते.

दुसरे कुंपण रुग्णालयातल्या मंडळाचे. उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयाचे, किमान ५ वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात की रुग्ण बरा होण्याची आशा आहे की नाही. तिसरे कुंपण दुसऱ्या मंडळाचे. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. दोन्ही मंडळांचे एकमत झाले आणि इच्छापत्रात नावे असलेल्या माणसांनी संमती दिली, तरी उपचार थांबवण्याआधी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. इच्छापत्र नसेल तर घरच्यांच्या संमतीने याच वाटेने जाता येते. आणि रुग्ण स्वतः शुद्धीत, समजून-उमजून ‘हा उपचार मला नको’ म्हणत असेल, तर तो नाकारण्याचा त्याला हक्क आहेच.

वाचकहो, हे कुंपण म्हाताऱ्या, दुबळ्या, बोलता न येणाऱ्या माणसाच्या बाजूने घातलेले आहे. त्याला सरकारी कटकट म्हणून हिणवू नये. पण कुंपण कितीही पक्के असले तरी एक बाजू मोकळी राहिली आहे, आणि आपल्या भागातली पुष्कळ माणसे त्याच बाजूने बाहेर पडतात.

तालुक्याच्या दवाखान्यातून अमरावतीला किंवा अकोल्याला, तिथून नागपूरला, असा प्रवास होतो. आधी घरातले पैसे संपतात, मग सोने, मग वावराची गोष्ट निघते. शेवटी एका कागदावर मुलगा सही करतो की आम्ही वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत. रुग्णवाहिका गावात येते, आणि दोन-चार तासांत किंवा दोन-चार दिवसांत सगळे आटोपते. इथे पहिले मंडळ बसले नाही, दुसरे बसले नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांना कोणी कळवले नाही. रुग्णाला काय हवे होते हे कोणी लिहून घेतले नाही. वेदनेचे औषधही कित्येकदा सोबत दिलेले नसते. त्या मुलाला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही; त्याची सही पैशाने करवून घेतलेली असते. पण निर्णय रोगाने घेतला की गरिबीने, हे मात्र कायमचे झाकलेले राहते, आणि तो मुलगा पुढे वीस वर्षे बुवांना विचारत राहतो, “महाराज, पाप लागले काय?”

आता मूळ वाक्याकडे येऊ. “मले आता जाऊ द्या.” कायद्याची दोन्ही मंडळे एक प्रश्न उत्तम रीतीने विचारू शकतात, की हा रोग बरा होईल काय? दुसरा एक प्रश्न त्यांच्या आवाक्यात नाही, की ही माउली जाऊ द्या म्हणते ती ‘काहून’? हा प्रश्न घरच्यांनी विचारायचा, शेजाऱ्याने विचारायचा, दिंडीतल्या सोबत्याने विचारायचा.

परदेशातली गोष्टही हेच सांगते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून असा कायदा लागू आहे की दोन डॉक्टरांच्या मते सहा महिन्यांत मृत्यू अटळ असलेल्या रुग्णाला मरणाचे औषध मिळू शकते. त्याने तोंडी आणि साक्षीदारांपुढे लेखी मागणी करायची, औषध स्वतःच्या हाताने घ्यायचे. नेदरलँड्समध्ये २००२ च्या कायद्याने स्वतंत्र दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे लागते आणि नंतर समिती प्रत्येक प्रकरण तपासते. तिथली कुंपणेही लहान नाहीत. पण ओरेगॉन सरकार दरवर्षी जो अहवाल काढते, त्यात रुग्णांनी सांगितलेल्या कारणांमध्ये ‘घरच्यांवर ओझे होण्याची भीती’ हे कारण वर्षानुवर्षे येते. श्रीमंत देशात ही अवस्था आहे. मग ज्या वऱ्हाडात नापिकी आणि कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले, जिथे घरच्यांचा भार हलका होईल या समजुतीने कर्ता माणूस उठून गेला, तिथे ‘इच्छामरण’ हा शब्द किती जपून उच्चारायला हवा? आपल्या मातीत ‘माझी इच्छा आहे’ या बोलण्याआड ‘मी तुम्हाला जड झालो’ हे पुष्कळदा दडलेले असते.

म्हणून ‘काहून’ विचारले की उत्तरे वेगवेगळी येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

उत्तर ‘दुखते रे बाप्पा’ असे आले, तर ती मरणाची मागणी नाही, वेदनेची तक्रार आहे. कर्करोगासारख्या आजारात मॉर्फिनने वेदना पुष्कळ कमी करता येते. त्यावरचे जाचक निर्बंध संसदेने २०१४ मध्ये सैल केले आहेत. आजार बरा होत नसतानाही त्रास कमी करणाऱ्या उपचाराला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी हट्टाने करावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देह ठेवला तो कर्करोगानेच, आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. संतांनाही देहाचे भोग चुकले नाहीत. पण भोग कमी करण्यात कमीपणा आहे असे कोणत्या संताने सांगितले?

उत्तर ‘वावर जाईल’ असे आले, तर वावर विकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची विचारणा झाली का ते पाहावे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला विचारायला लाजू नये. मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागले तर दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आपल्यासारख्यांसाठीच आहे.

उत्तर काहीच आले नाही, माणूस भिंतीकडे तोंड करून पडला, तर त्याला एकटे सोडू नये. मन खचणे हाही आजार आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते, पण त्याआधी कोणी तरी खाटेशी येऊन बसले पाहिजे.

आणि कधी कधी उत्तर निराळेच येते. “माझे सगळे झाले. लेकरे मार्गी लागली. वाऱ्या घडल्या. आता नळ्या नको, घरी न्या, गंध लावा, हरिपाठ म्हणा.” वेदना आटोक्यात आहे, पैशाची टोचणी नाही, चेहऱ्यावर शांतता आहे, आणि डॉक्टरही सांगताहेत की आता बरे होणे नाही. अशा वेळी त्या माणसाला यंत्राला बांधून ठेवणे हे नाथांच्या शब्दातले कवटाळणे आहे, आणि ते बहुधा आपल्याच समाधानासाठी असते. तेव्हा कायद्याच्या वाटेने उपचार थांबवले तर त्यात पाप नाही. मरण आपण आणलेले नाही. येणाऱ्याची वाट अडवणे फक्त सोडले आहे.

यावर कोणी म्हणेल, माउलींनी आळंदीला १२९६ मध्ये समाधी घेतली, मग आम्ही का जाऊ नये? बाबांनो, माउली कंटाळून गेले नाहीत, कोणाला जड झाले म्हणून गेले नाहीत. कार्य पूर्ण झाले होते, भावंडे आणि संतमंडळी भोवती होती. त्या योगसमाधीचा दाखला आपल्या निराशेला जोडणे बरे नव्हे. कोणी पवनारच्या विनोबांचे नाव घेईल. नोव्हेंबर १९८२ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यावर तेव्हाही वाद झाला. पण दोन गोष्टींवर वाद नाही. मरण दारात आलेले होते, आणि या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना शेवटचा क्षण गोड व्हावा म्हणून सगळे आयुष्य कसे घडवावे हेच सांगितले होते. आणि ज्यांच्यामुळे ‘इच्छामरण’ हा शब्द आपल्याकडे रुळला त्या भीष्मांनी तो वर कशासाठी वापरला? लवकर जाण्यासाठी नव्हे. शरपंजरी पडल्या पडल्या ते उत्तरायणाची वाट पाहत राहिले आणि युधिष्ठिराला धर्म सांगत राहिले.

आपल्या संप्रदायाचा तर उगमच म्हाताऱ्या आईबापांच्या खाटेशी आहे. पुंडलिक त्यांचे पाय चेपत होता म्हणून देवाला विटेवर उभे राहावे लागले. पुंडलिकाने आईबापांना अमर केले नाही, पण त्यांना आपण जड झालो असे वाटू दिले नाही. केईएमच्या परिचारिकांनी तेच केले. आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी देवाच्या नावाने करायची जी कामे सांगितली, त्यांत रोग्याला औषधपाणी आहे आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत देणेही आहे. दोन्ही कामे एकाच यादीत आहेत, हे विसरू नये.

तेव्हा वाचकहो, एवढे करू या. आपण धडधाकट आहोत, शुद्धीत आहोत, तोवर आपले इच्छापत्र करून ठेवू. काय हवे, काय नको, कोणी बोलावे, हे मुलांना समोर बसवून सांगू, म्हणजे सहीचे ओझे एकट्या लेकरावर पडणार नाही. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते, शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरीला जाते. ज्यांच्याने आता चालवत नाही असे वारकरी प्रत्येक गावात मागे राहतात. दर एकादशीला दोघा-तिघांनी त्यांच्या खाटेशी बसावे, हरिपाठ म्हणावा, घरच्या बाईला तासभर मोकळे करावे.

आणि त्यांच्यातला कोणी “मले आता जाऊ द्या” म्हणाला, तर घाईने ‘हो’ म्हणू नये, घाईने ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून गप्पही करू नये. हात हातात घ्यावा आणि विचारावे, “काहून, आबा?” उत्तर येईपर्यंत बसून राहावे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.